रक्तातले जड धातू आणि जठराचा कॅन्सर : रिपोर्ट हातात आल्यावर काय करायचं?

हल्ली ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये कोलेस्टेरॉल, थायरॉइड यांच्या जोडीला शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा, क्रोमियम अशा धातूंचीही यादी असते. रिपोर्ट मोबाइलवर येतो. एखाद्या धातूपुढे लाल अक्षरात ‘हाय’ छापलेलं असतं. डॉक्टरांची वेळ मिळायच्या आतच घरातलं कुणीतरी ‘हेवी मेटल’ आणि ‘कॅन्सर’ हे शब्द एकत्र शोधून मोकळं होतं. त्यात पोटात जळजळ, अपचन असा जुना त्रास असेल, तर मग झोप उडालीच.

दुसरीकडे, बॅटऱ्यांच्या प्लेटा वितळवणारे, सोन्या-चांदीची गलाई करणारे, जुन्या इमारतींचा रंग खरवडणारे हजारो लोक आहेत. त्यांच्या रक्तात धातू खरोखर जास्त असण्याची शक्यता असते, पण त्यांची अशी तपासणी बहुधा कधीच झालेली नसते. हा लेख दोघांसाठी आहे. सांगायचं ते इतकंच, की रक्तातला धातूचा आकडा कॅन्सरचं भाकीत करत नाही. धातू शरीरात येतोय कुठून, हे शोधायला तो सांगतो. तो स्रोत बंद करायचा आणि जठराच्या कॅन्सरची जी मोठी, ओळखीची कारणं आहेत, त्यांच्याकडे वेगळं लक्ष द्यायचं. ही दोन कामं आहेत. एक केलं म्हणजे दुसरं झालं, असं होत नाही.

कोणता धातू, कोणता कॅन्सर?

कॅन्सर कशामुळे होतो याचे पुरावे तपासून वर्गवारी करण्याचं काम जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधल्या ल्यों इथली संस्था, आयएआरसी, करते. या वर्गवारीत गट १ म्हणजे माणसांत कॅन्सर होतो याचा पक्का पुरावा. गट २-ए म्हणजे कॅन्सर होत असण्याची दाट शक्यता. हे गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत.

आर्सेनिक, कॅडमियम, सहा-संयुजी क्रोमियम आणि निकेलची संयुगं गट १ मध्ये आहेत. मात्र त्यांच्या बाबतीत पक्का पुरावा आहे तो प्रामुख्याने फुप्फुसाच्या कॅन्सरचा. आर्सेनिकच्या बाबतीत त्वचा आणि मूत्राशयाचाही, निकेलच्या बाबतीत नाकाच्या पोकळीचाही. जठराचं नाव पक्क्या पुराव्याच्या यादीत नाही. सहा-संयुजी क्रोमियमबाबत चीनच्या लिआओनिंग प्रांतातला एक अनुभव नेहमी सांगितला जातो. तिथे मिश्रधातूच्या कारखान्यातलं क्रोमियम विहिरींच्या पाण्यात उतरलं होतं. त्या गावांच्या मृत्यूनोंदींचं पुढे फेरविश्लेषण झालं, तेव्हा जठराच्या कॅन्सरचे मृत्यू आजूबाजूच्या भागापेक्षा जास्त आढळले. हा इशारा गंभीर आहे, पण तेवढ्यावर प्रश्न निकालात निघाला असं संशोधक मानत नाहीत.

जठराच्या कॅन्सरशी सर्वांत थेट नाव जोडलं जातं ते शिशाचं. आयएआरसीने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात शिशाची असेंद्रिय संयुगं गट २-ए मध्ये ठेवली, आणि माणसांमधला जो मर्यादित पुरावा त्यासाठी विचारात घेतला, तो मुख्यतः जठराच्या कॅन्सरचा होता. बॅटरी कारखाने, शिसं वितळवणाऱ्या भट्ट्या अशा ठिकाणच्या कामगारांचे अनेक अभ्यास एकत्र केले, तेव्हा त्यांच्यात जठराचा कॅन्सर साधारण एक तृतीयांशाने जास्त दिसला.

हा आकडा वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. ते कामगार वर्षानुवर्षं शिशाच्या धुरात काम करत होते. त्यांच्या रक्तातलं शिसं आज पॅकेज तपासणीत दिसणाऱ्या ‘थोडं जास्त’पेक्षा कितीतरी पट होतं. शिवाय त्यांचं धूम्रपान, खाणंपिणं आणि जठरातला जंतुसंसर्ग यांचा हिशेब बहुतेक अभ्यासांत नीट मांडलेला नव्हता. दुसरी गोष्ट म्हणजे, एक तृतीयांश वाढ ही मुळात किती होतं त्यावर असते. जपान, कोरिया, मंगोलिया इथे हा कॅन्सर खूप आढळतो. भारतात मिझोराम आणि ईशान्येकडच्या इतर काही भागांत तो जास्त आहे. महाराष्ट्रात त्याचं प्रमाण त्या मानाने बरंच कमी आहे. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ पासून आणि बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून चालू असल्यामुळे हे नुसत्या अंदाजाने बोलावं लागत नाही.

पाऱ्याचा जठराच्या कॅन्सरशी संबंध सिद्ध झालेला नाही. त्याची भीती मेंदू, मज्जासंस्था आणि मूत्रपिंड यांच्यासाठी असते, विशेषतः गर्भातल्या बाळासाठी.

रुग्णांच्या रक्तात धातू जास्त सापडले, म्हणजे?

‘जठराच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या रक्तात अमुक धातू जास्त आढळला’ अशा बातम्या अधूनमधून येतात. अशी बातमी वाचताना पहिला प्रश्न विचारायचा : रक्त कधी घेतलं होतं? कॅन्सर होण्याच्या अनेक वर्षं आधी, की निदान झाल्यानंतर?

निदानानंतर घेतलेल्या रक्तात कारण आणि परिणाम उलटे दिसू शकतात. जठराच्या गाठीतून थोडं थोडं रक्त झिरपत राहतं, त्यामुळे शरीरातलं लोह कमी होतं. लोह कमी झालं की आतडं ते जास्तीत जास्त शोषून घेण्याची धडपड करतं, आणि ज्या वाटेने लोह आत येतं, त्याच वाटेने शिसं आणि कॅडमियमही जास्त प्रमाणात आत येतात. शिवाय आजारपणात वजन घटतं, हालचाल थांबते, हाडांची झीज होते आणि हाडांत साठलेलं जुनं शिसं रक्तात उतरतं. अशा वेळी रक्तातला वाढलेला धातू आजाराचं कारण नसून आजाराची खूण असू शकतो. निरोगी माणसांचं रक्त साठवून ठेवून मग वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवणारे अभ्यास म्हणूनच जास्त मोलाचे, आणि जठराच्या कॅन्सरसाठी ते थोडेच आहेत.

रिपोर्ट वाचताना

आधी एकक बघा. शिशाचा आकडा काही लॅब मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर असा देतात, तर काही मायक्रोग्रॅम प्रति लिटर असा. पहिल्यातला ५ म्हणजे दुसऱ्यातला ५०. एका लॅबचा ४० आणि दुसऱ्या लॅबचा ४ हे एकच असू शकतात. हे न पाहता जुन्या-नव्या रिपोर्टची तुलना केली, तर घरभर उगाच घबराट होते.

शिशाची अमुक पातळी सुरक्षित आहे, असं आज कुणीही म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार रक्तातलं शिसं डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त असेल, तर स्रोत शोधून तो बंद करावा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, म्हणजे सीडीसीने, लहान मुलांसाठीचा आपला संदर्भ आकडा त्याच वर्षी ३.५ वर आणला. ही रेषा कॅन्सरसाठी आखलेली नाही. शिशामुळे मुलांच्या बुद्धीच्या वाढीवर आणि मोठ्यांच्या रक्तदाबावर, हृदयावर, मूत्रपिंडावर होणारे परिणाम जास्त ठामपणे माहीत आहेत. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, तर कॅन्सरचा विचार बाजूला ठेवूनही या आकड्याकडे गांभीर्याने बघायला हवं.

प्रत्येक धातू रक्तात सारखाच वेळ राहत नाही. शिशाचं रक्तातलं प्रमाण स्रोत थांबल्यावर साधारण महिन्याभरात निम्मं होतं, पण हाडांत गेलेलं शिसं दशकानुदशकं राहतं. रक्त हे चालू खातं आणि हाडं ही मुदत ठेव. म्हणून जुन्या कामगाराचा आकडा काम सोडल्यावर भराभर उतरत नाही, आणि गरोदरपणात, अंगावर पाजताना किंवा हाडं ठिसूळ होताना ही ठेव मोडून शिसं पुन्हा रक्तात येतं. रक्तातलं कॅडमियम मुख्यतः गेल्या काही महिन्यांचा संपर्क दाखवतं. मूत्रपिंडात साठलेल्या कॅडमियमचा अंदाज लघवीच्या तपासणीतून येतो.

आर्सेनिक रक्तातून काही तासांतच निघून जातं. त्यासाठी लघवीची तपासणी जास्त उपयोगी. त्यातही कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहणाऱ्या मासे खाणाऱ्यांनी एक खबरदारी घ्यावी. मासे, कोळंबी, खेकडे, तिसऱ्या यांत आर्सेनिकचा एक सेंद्रिय प्रकार असतो. तो फारसा घातक नसतो आणि लघवीवाटे निघून जातो, पण एकूण आर्सेनिकचा आकडा मात्र फुगवतो. नमुना देण्याआधी चार-पाच दिवस मासळी बंद ठेवा, किंवा सेंद्रिय आणि असेंद्रिय आर्सेनिक वेगळं मोजणारी तपासणी मागा.

आकडा जास्त आला, तर कुठलाही निष्कर्ष काढण्याआधी तपासणी पुन्हा करा. बोट टोचून घेतलेल्या रक्तात बोटावरची धूळ मिसळू शकते, म्हणून नमुना शिरेतून आणि धातूंच्या तपासणीसाठीच्या खास नळीत घेतलेला असावा. केसांच्या तपासणीवर भिस्त ठेवू नका, कारण बाहेरून चिकटलेला धातू आणि आतून आलेला धातू तिथे वेगळे ओळखता येत नाहीत.

स्रोत शोधा : आधी काम, मग स्वयंपाकघर

पुनर्तपासणीतही आकडा जास्तच आला, तर चौकशी कामापासून सुरू करा.

भंगारातल्या बॅटऱ्या फोडणं आणि प्लेटा वितळवणं, रेडिएटरची दुरुस्ती, सोल्डरिंग, जुना ऑइलपेंट खरवडणं किंवा जाळणं, मासेमारीच्या जाळ्याला लावायची शिशाची वजनं घरी ओतणं, या सगळ्यात शिसं आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी भागातली अनेक कुटुंबं गलाईच्या व्यवसायासाठी देशभर पसरलेली आहेत. जुने दागिने आणि चांदी वितळवून शुद्ध करताना त्यातले इतर धातू धुरावाटे बाहेर पडतात. ‘केडीएम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दागिन्यांत जोड द्यायला कॅडमियम वापरत. असा दागिना अंगावर घालणाऱ्याला त्याची धास्ती नको, पण तो घडवणाऱ्या आणि वितळवणाऱ्या कारागिराच्या फुप्फुसात तो धूर जातो. अशा कामांत धूर ओढून बाहेर टाकणारी यंत्रणा ही पहिली गरज आहे. तोंडाला बांधलेला रुमाल धातूचा धूर अडवत नाही.

अशा ठिकाणी काम करणाऱ्यांनी काही सवयी कटाक्षाने पाळाव्यात. कामाच्या जागी जेवू नका, चहा घेऊ नका, विडी ओढू नका, तंबाखू मळू नका. हाताला लागलेलं शिसं पोटात जाण्याचा तोच सरळ रस्ता आहे. जेवणाआधी हात, तोंड, नखं साबणाने धुवा. कामाचे कपडे घरी आणू नका, आणावे लागले तर वेगळे धुवा आणि लहान मुलाला उचलून घेण्याआधी अंघोळ करा. उपाशीपोटी शिसं कितीतरी जास्त शोषलं जातं, म्हणून सकाळी काहीतरी खाऊनच कामाला निघा. जागा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

शिशाची विषबाधा हा व्यवसायजन्य आजार असून १९४८ च्या कारखाने कायद्यानेच त्याची नोंद देणं बंधनकारक केलं होतं. राज्य कामगार विमा योजनेतही व्यवसायजन्य आजारांच्या यादीत तो आहे. विमा असलेल्या कामगाराने डॉक्टरांना आपण नेमकं काय काम करतो ते स्पष्ट सांगावं आणि केसपेपरवर लिहून घ्यावं.

कामात धातू नसेल, तर घराकडे वळा.

पहिली वस्तू हळद. हळकुंडं पिवळीजर्द दिसावीत म्हणून त्यांना लेड क्रोमेट चोपडण्याची भेसळ दक्षिण आशियात आढळलेली आहे. यात शिसंही आहे आणि क्रोमियमही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाटणा, कराची, पेशावर इथल्या काही नमुन्यांत शिसं फार मोठ्या प्रमाणात सापडलं. ‘अख्खी हळकुंडं आणून घरी दळा’ हा सल्ला इथे पुरेसा नाही, कारण रंग हळकुंडावरच चढवलेला असतो. हळकुंड पाण्यात टाकलं आणि लगेच पिवळा रंग सुटला, तर ते वापरू नका. उलट, पाण्यात रंग सुटला नाही म्हणून माल शुद्धच आहे असंही धरू नका. सांगली, हिंगोलीकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून रंग न चढवलेली, दिसायला मळकट हळद मिळत असेल तर उत्तम. बांगलादेशात ही भेसळ मोठ्या प्रमाणावर होती. २०१९ मध्ये तिथल्या सरकारने धाडी, दंड आणि जनजागृती हाती घेतली आणि दोनेक वर्षांत ती बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली. भारताने २००० साली शिसंयुक्त पेट्रोल बंद केलं, त्याचाही धडा हाच. स्रोत बंद केला, की रक्तातलं शिसं उतरतं.

दुसरी गोष्ट भांडी. पितळी भांड्याची कल्हई शुद्ध कथलाची असायला हवी. स्वस्तात काम उरकण्यासाठी कथलात शिसं मिसळलं, तर आमटीतल्या चिंचेसोबत आणि ताकाच्या कढीसोबत ते पोटात जातं. कल्हईवाला ओळखीचा असावा आणि कथील कुठून आणतो हे त्याला विचारायला संकोच वाटू नये. भंगारातून ओतलेल्या, कंपनीचं नाव नसलेल्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांतूनही शिसं झिरपू शकतं. भारतात बनलेल्या हिंडालियमच्या काही भांड्यांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये इशारा दिला. परदेशी राहणाऱ्या मुलांना भांडी पाठवणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवावं. आंबट पदार्थ स्टीलच्या भांड्यात करणं केव्हाही बरं.

तिसरी गोष्ट औषधं. भस्मं आणि रसौषधींमध्ये धातू मुद्दाम वापरलेले असतात. नागभस्मातला नाग म्हणजे शिसं, हरताळ आणि सोमल म्हणजे आर्सेनिकची संयुगं. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक पंचमांश उत्पादनांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. रसौषधींमध्ये हे प्रमाण त्याहून जास्त होतं. वनस्पतींपासूनची काष्ठौषधी आणि धातूंची रसौषधी यांतला फरक तुमच्या वैद्यांना विचारा. नाव, उत्पादकाचा परवाना आणि बॅच क्रमांक नसलेल्या पुड्या घेऊ नका, मग त्या मधुमेहावरच्या असोत, सांधेदुखीवरच्या असोत की ‘शक्ती’च्या. रक्ततपासणीच्या वेळी चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना सांगा. ‘ते काय, साधंच आहे’ म्हणून वगळू नका.

सुरमा आणि पारंपरिक शेंदूर यांतही शिसं असतं. देवाला शेंदूर लावल्यावर हात धुऊन मगच प्रसाद घ्यावा आणि बाळाच्या डोळ्यात सुरमा घालू नये.

पाण्याची भीती सगळीकडे सारखी नाही. आर्सेनिकचा मोठा प्रश्न पश्चिम बंगाल, बिहार, आसाम इथल्या भूजलात आहे. आपल्या सीमेजवळ, गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागातही तो आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला आर्सेनिक १० मायक्रोग्रॅम, शिसं १० मायक्रोग्रॅम आणि कॅडमियम ३ मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. औद्योगिक वसाहतीजवळची विंधणविहीर असेल, तर पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. पाणी उकळून धातू जात नाहीत. पाण्याची वाफ होते आणि धातू मागे उरतो, त्यामुळे प्रमाण उलट वाढतं. कँडल फिल्टर आणि अतिनील किरणांचं यंत्र जंतूंसाठी आहे. धातू कमी करण्याचं काम नीट देखभाल केलेलं आरओ यंत्र करू शकतं.

आणि तंबाखू. तंबाखूचं रोप जमिनीतलं कॅडमियम पानांत साठवतं. त्यामुळे सिगारेट-विडी ओढणाऱ्यांच्या रक्तात कॅडमियम न ओढणाऱ्यांच्या कित्येक पट असतं. रिपोर्टमध्ये फक्त कॅडमियम वाढलेलं असेल आणि तुम्ही धूम्रपान करत असाल, तर स्रोत बहुधा तुमच्या खिशातच आहे. धूम्रपानामुळे जठराचा कॅन्सर होतो हे तर धातूंचा विचार न करताही सिद्ध झालेलं आहे. तंबाखू भाजून केलेली मशेरीही ‘फक्त दात घासायला’ म्हणून निर्दोष ठरत नाही.

लोह : दोन्ही प्रश्न जिथे भेटतात

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसलं. शरीरात लोह कमी, म्हणजे शिसं आणि कॅडमियम शोषलं जाण्याचं प्रमाण जास्त. म्हणूनच सारख्याच घरात, सारखंच अन्न खाऊनही घरातल्या बाईच्या आणि लहान मुलाच्या रक्तात धातू जास्त सापडू शकतो.

जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू जठराच्या कॅन्सरचं सर्वांत मोठं कारण आहे, आणि तोही लोहाचं शोषण बिघडवतो. तिसरी बाजू अशी, की जठराच्या गाठीचं पहिलं चिन्ह कधी कधी फक्त हिमोग्लोबिन कमी होणं एवढंच असतं. पोटदुखीही नसते.

त्यामुळे धातूंच्या महागड्या पॅनलआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाचा साठा दाखवणारं) या दोन साध्या तपासण्या करून घ्या. पुरुषाला किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीला लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय असेल, तर गोळ्या सुरू करून थांबू नका. रक्त कुठून जातंय ते शोधलंच पाहिजे, आणि त्यासाठी अनेकदा दुर्बिणीची तपासणी लागते. तरुण मुलींच्या बाबतीत पाळी आणि आहार ही कारणं नेहमीची असतात, तरी लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर पायलोरीची तपासणी करायला हवी.

आहारात कडधान्यं, पालेभाज्या, खजूर, अंडी, मासे असू द्या. जेवणावर लिंबू पिळा, त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषून घ्यायला मदत करतं. जेवणानंतर लगेच चहा टाळा. दूध, दही, नाचणी यांतून पुरेसं कॅल्शियम मिळालं, तर शिशाचं शोषण कमी होतं.

जठराच्या कॅन्सरची काळजी कुठे घ्यायची?

जगात २०२२ मध्ये जठराच्या कॅन्सरचे साडेनऊ लाखांहून जास्त नवे रुग्ण नोंदले गेले. त्यामागची मुख्य कारणं धातूंपेक्षा वेगळी आहेत.

हेलिकोबॅक्टर पायलोरी १९९४ पासून गट १ मध्ये आहे. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो १९८२ मध्ये शोधला. २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात हा जंतू असतो, पण त्यातल्या फार थोड्यांना, शंभरांत एक ते तीन जणांना, कॅन्सर होतो. म्हणून सरसकट सगळ्यांनी धावत जाऊन तपासणी करावी असं नाही. जठरात किंवा लहान आतड्यात व्रण असलेल्यांनी, आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला जठराचा कॅन्सर झालेल्यांनी, कारण न सापडलेला लोहाचा रक्तक्षय असलेल्यांनी, दीर्घकाळ अपचनाचा त्रास असलेल्यांनी आणि ॲस्पिरिन किंवा वेदनाशामक गोळ्या कायम घेणाऱ्यांनी ती जरूर करून घ्यावी.

श्वासाची युरिया तपासणी किंवा शौचाची अँटिजेन तपासणी पुरते. त्याआधी दोन आठवडे ॲसिडिटीच्या ‘प्राझोल’ गटातल्या गोळ्या आणि चार आठवडे अँटिबायोटिक बंद असावीत, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. या गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. उपचार साधारण दोन आठवड्यांचा असतो आणि गोळ्या बऱ्याच असतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडल्या, तर जंतू चिवट होतो. त्या गोळ्यांमध्ये अनेकदा बिस्मथ असतं. तोही जड धातूच, पण इथे तो औषध आहे. त्याने शौचाला काळं होतं, घाबरू नका. कोर्स संपल्यावर चार आठवड्यांनी जंतू गेला का ते पुन्हा तपासा.

दुसरं कारण मीठ. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. लोणचं, पापड, खारा बांगडा, सुकट यांतलं मीठ त्यातच धरायचं. हे पदार्थ चवीपुरते राहू द्या, रोजच्या जेवणाचा आधार होऊ देऊ नका. दारू आणि धूम्रपान एकत्र असतील, तर धोका आणखी वाढतो.

नव्याने सुरू झालेलं आणि टिकलेलं अपचन, दोन घासांत पोट भरणं, कारण नसताना वजन उतरणं, वारंवार उलटी, गिळताना अडकणं, डांबरासारखं काळं चिकट शौच, यांपैकी काहीही असेल तर दुर्बिणीची तपासणी लांबवू नका. ॲसिडिटीच्या गोळ्यांनी कॅन्सरची लक्षणंही काही काळ दबतात, हे त्यातलं फसवं आहे. शिशाचं काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुरडा मारून येणारी पोटदुखी, बद्धकोष्ठ, हिरड्यांच्या कडेला निळसर-काळी रेघ ही शिशाच्या विषबाधेची जुनी, ओळखीची लक्षणं आहेत. अशा वेळी दुर्बिणीच्या तपासणीआधी रक्तातलं शिसं मोजणं जास्त घाईचं असतं.

‘डिटॉक्स’पासून सावध

धातू जास्त आल्याचा रिपोर्ट हातात पडला, की ‘शरीरातले धातू काढून देतो’ म्हणणारे भेटतातच. चिलेशन, म्हणजे औषधाने धातू बांधून लघवीवाटे बाहेर काढणं, हा खरा उपचार आहे, पण तो तीव्र विषबाधेसाठी. लहान मुलांत रक्तातलं शिसं डेसिलिटरला ४५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त असेल तर तो करतात. मोठ्यांत आकडा आणि लक्षणं दोन्ही पाहून ठरवतात. कॅन्सर टाळण्यासाठी चिलेशनचा उपयोग होतो असा पुरावा नाही. उलट चुकीचं औषध दिल्यामुळे रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरून मृत्यू झाल्याची उदाहरणं अमेरिकेत नोंदलेली आहेत. आधी चिलेशनचं औषध देऊन मग लघवीतले धातू मोजणाऱ्या तपासणीपासून लांबच राहा. औषधाने धातू ढवळून वर काढल्यावर आकडा कुणाचाही जास्तच येणार.

आता क्रम लावूया. आकडा जास्त आला असेल, तर एकक तपासा आणि महिन्याभरात शिरेतल्या रक्तावर तपासणी पुन्हा करा. त्या महिन्यात काम, हळद, भांडी, औषधं, तंबाखू या यादीवरून एकेक स्रोत बाजूला काढा. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन बघा. आकडा तरीही जास्त असेल, तर घरातल्या लहान मुलांचं आणि गरोदर बाईचं रक्तही तपासा, कारण त्यांचं नुकसान आधी होतं. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. आकडा खाली येत असेल, तर स्रोत सापडला. येत नसेल, तर शोध चालू ठेवा. जठरासाठी मात्र धातूच्या आकड्याची वाट पाहू नका. तक्रार असेल किंवा घरात कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर पायलोरीची तपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिण, हे दोन्ही तुमच्या जवळच्या जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकतं. रिपोर्टमधला शिशाचा आकडा एक असो की दहा, या तपासण्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून रिपोर्ट दाखवाल त्याच भेटीत लिहून घ्या.